कोरडं धोपाटणं

मंगळवारी आणि शुक्रवारी, रोपवाटिकेतलं काम आटोपून परतताना नीळवाली गल्लीच्या वळणावर आली, की तिला घराच्या परसातून धोपाटण्याचा आवाज यायचा. धप, धप, थोडं थांबून पुन्हा धप. पाच वर्षं तिनं तो ऐकला होता आणि त्यात नवल काहीच नव्हतं, सून धुणं धूत असायची. पण सून जाऊन आता वर्ष होत आलं होतं आणि आवाज काही गेला नव्हता.

सून गेल्यावर पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पायातल्या चपलांसकट घराला वळसा घालून थेट परसात गेली. धुण्याचा दगड कोरडा ठणठणीत होता. सुनेचं धोपाटणं भिंतीच्या कोनाड्यात उभं होतं, त्याच्यावर कोळ्यानं जाळं विणलेलं. ती तिथंच दगडावर बसली. मग उठून आत गेली आणि चहा टाकला. मुलाला तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं कान तपासायला नेलं असतं, आणि कानाला काही झालेलं नाही हे तिचं तिला ठाऊक होतं.

नीळवाली हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. नवरा गेला तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता आणि तिनं दवाखान्याच्या चादरी धुवायला घेतल्या. एकोणीस वर्षं धुतल्या. रक्ताचे, औषधांचे, माणसाच्या अंगातून काय काय बाहेर पडतं त्या सगळ्याचे डाग तिनं दगडावर बडवून काढले आणि शेवटच्या पाण्याला बेताची नीळ देऊन चादरी अशा पांढऱ्या करून दिल्या, की डॉक्टरीणबाई पाहुण्यांना मुद्दाम दाखवायच्या. मग एके दिवशी दवाखान्यात मशीन आलं. कारकुनानं ओट्यावरच तिला साबणाच्या उरलेल्या वड्या दिल्या आणि उद्यापासून नका येऊ म्हणाला. आत या, बसा, असंसुद्धा म्हणाला नाही. त्या वड्या तिनं वापरल्या नाहीत. त्या अजून फडताळात होत्या, दगडासारख्या कडक झालेल्या.

तेव्हापासून यंत्र म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. मिक्सरमधलं वाटण तिला जळकं लागे. फ्रिजचं पाणी दातात शिरतं, पोटात नाही, असं ती म्हणे. गॅस आल्यापासून बायकांची दुधावरची नजर उडाली, हेही तिचंच मत. पिठाच्या गिरणीला मात्र तिची काही हरकत नव्हती, कारण ती तिच्या जन्माआधीपासून होती. आणि अशा बाईचा मुलगा झाला काय, तर वायरमन. गावभरची मशीनं, पंखे, मोटारी तो दुरुस्त करत हिंडायचा आणि त्याच्या घरी दिव्याखाली अंधार.

घरात मशीन नव्हतं असं नाही. होतं. सुनेच्या पोटातलं दोनदा गेलं, तेव्हापासून तिची कंबर धरायची. बदली झालेल्या एका मास्तरानं बिघडलेलं मशीन टाकून दिलं, ते वायरमननं उचलून आणलं, दुरुस्त केलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. नीळवालीनं ते एकदाच पाहिलं. या डब्यात माझ्या घरचे कपडे जाणार नाहीत, असं तिनं सांगितलं आणि विषय मिटला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः त्याच्या पोटात जुन्या कांबळ्या भरल्या, झाकणावर फडकं अंथरलं आणि वर बरण्या मांडल्या. वायरमन एक शब्द बोलला नाही. आईनं धुण्यावर वाढवलेला मुलगा, तो धुण्याबद्दल काय बोलणार? सूनही बोलली नाही. ती तशी बोलतच नसे.

त्यानंतरची पाच वर्षं नीळवालीच्या अभिमानाची होती. रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरता भरता बायकांची तोंडं चालायची, आणि धुण्याचा विषय निघाला की सगळ्या तिच्याकडे बघायच्या. कुणी म्हणे, मशीनमध्ये कॉलर निघत नाही. कुणी म्हणे, निघते, पण बटणं जातात. किराणा दुकानदार, जो स्वतः सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका गादीवर बसून असे, तो गिऱ्हाइकांना विचारायचा, की बायकांना यंत्रं दिल्यावर दिवसभर त्या करणार काय. नीळवाली मातीचा हात झटकून शेवटचा निकाल द्यायची. हातानं धुतलेल्या कपड्याची सर कशालाच येत नाही, माझ्या घरी येऊन दोरी बघा. बायका माना डोलवायच्या. एखादी खाली बघून हसायचीही. नीळवालीला ते कौतुकाचंच हसू वाटे.

मागच्या वर्षी, पावसाळ्याच्या तोंडाशी, तिनं सुनेला गोधड्या धुवायला काढायला सांगितलं. गोधड्या परसात मावत नसत. त्या गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीवर न्याव्या लागत. तिथं पाणी होतं, वाळत घालायला तापलेले खडक होते, आणि खाली उतरायला कातळात कोरलेल्या पायऱ्या होत्या. त्या मंगळवारी नीळवालीचा गुडघा सुजला होता. सकाळी सून उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "आई, आज तुम्ही जाणार ना कामाला?"

नाही, असं नीळवालीनं सांगितलं. थोड्या वेळानं सुनेनं पुन्हा तेच विचारलं. नीळवालीला राग आला. मी घरात खुपते का तुला, असं ती बोलून गेली. मग सुनेनं गोधड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि ती खाणीवर गेली. दुपारी तिला चौघांनी आणलं. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. पायाला खाणीची पांढरी माती लागलेली होती, घोट्यापर्यंत, आणि नीळवालीनं स्वतःच्या हातांनी ती धुतली. इतकी पांढरी माती सुनेच्या पायाला आपण कधीच पाहिली नव्हती, एवढंच तेव्हा तिच्या मनात आलं आणि निघून गेलं.

दहा महिन्यांनी वायरमननं दुसरं लग्न केलं. घरात बाईमाणूस हवं, असं सगळेच म्हणत होते. नीळवालीही म्हणाली, कारण तिचे गुडघे आता दगडाशी वाकत नव्हते. दुसरी बायको शेजारच्या गावची, पस्तिशीची, तीही एकदा विधवा झालेली. गल्ली तिला नवी म्हणू लागली. नवी सकाळीच धुणं उरकायची, नीळवालीच्या जुन्या, जड धोपाटण्यानं. पहिलीचं धोपाटणं कोनाड्यातच राहिलं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

त्यामुळं मंगळवारी आणि शुक्रवारी चारच्या सुमाराला परसात कुणी असण्याचं कारणच नव्हतं. तरी वळणावर आवाज येई. घरात शिरावं तर नवी निवडत, टिपत बसलेली. दोनदा नीळवालीनं तिला विचारलं, तू आता काही बडवत होतीस का. नवीनं मान हलवली. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. पहिलीचा जीव धुण्यात अडकलाय, असं गल्लीत कुणीतरी बोललं होतं. ते तिच्या कानावर आलं होतं आणि तिला ते खरं वाटू लागलं होतं. आपणच तिला त्या पायरीवर पाठवलं, हेही तिला आता रोज वाटायचं. पण ते कुणापाशी बोलायचं?

यंदा पाण्याची बोंब होती. परसातल्या आडात दोर वीत वीत लांब करावा लागत होता. आणि पुन्हा पावसाळा तोंडावर आला. एका सोमवारी दुपारी नीळवालीनं गोधड्या बाहेर काढल्या. घामट वास येत होता. खाणीवर माणूस गेलं म्हणून गोधड्या धुवायच्या थांबत नाहीत, असं ती स्वतःशीच मोठ्यानं म्हणाली, आणि नवीला सांगितलं, की उद्या सकाळी खाणीवर जायचं.

नवी गोधड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वर न बघता विचारलं, "आई, उद्या तुम्ही जाणार ना कामाला?"

नीळवालीच्या हातातली गोधडी तशीच राहिली. शब्द तेच, आवाजातली अदबशीर धाकधूकही तीच. तिला वाटलं, उंबऱ्याकडे बघितलं तर तिथं पहिलीच उभी दिसेल. तिनं बघितलं नाही.

का विचारतेस, असं तिनं नवीला विचारलं. नवी म्हणाली, सहज. सहज कुणी असं विचारत नाही. नीळवालीनं सांगून टाकलं, की उद्या ती कामाला जाणार नाही, तीही खाणीवर येणार, दोघी मिळून धुऊ. नवीचा चेहरा उतरला. एक हात तिनं कंबरेवर ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दोघी धुणार म्हणजे धोपाटणी दोन हवीत. वर्षभर कोरडं पडलेलं धोपाटणं रात्रभर पाण्यात ठेवायचं असतं, नाहीतर पहिल्याच घावाला उलतं. हे नीळवालीला कुणी शिकवायला नको होतं. ती परसात गेली, कोनाड्यातलं धोपाटणं काढलं, जाळं पुसलं आणि बादलीत बुडवायला ते उलटं केलं. मग ते बुडवायचं ती विसरूनच गेली.

धोपाटण्याच्या तोंडावर चिरा होत्या. एक नव्हे, सात-आठ, बारीक, खोल, काही टोकापर्यंत गेलेल्या, आणि कडांची ढलपी उडालेली. वर्षभराच्या उन्हानं पडतात तशा या चिरा नव्हत्या, उन्हाच्या चिरा कडेनं पडतात. एकोणीस वर्षं तिनं धोपाटणं चालवलं होतं. ओल्या कापडावर चालणाऱ्या धोपाटण्याचं तोंड गुळगुळीत होतं, लोण्यासारखं. त्याला अशी चीर पडत नाही. अशी चीर पडते ती एकाच गोष्टीनं. मध्ये कापड नसताना, पाणी नसताना, लाकूड कोरड्या दगडावर आपटलं तर.

तिनं दगड बघितला. एका कोपऱ्यावर, जिथं कधीच कुणी कपडा ठेवत नाही, तिथं एक पांढुरका खळगा पडला होता.

ती मागच्या खोलीत गेली. बरण्या एकेक खाली ठेवल्या, फडकं काढलं, झाकण उचललं. कांबळ्या आत होत्या. पण नीळवाली कांबळीची घडी तीनपदरी घालते, उभ्या जन्मात तिनं दुसरी घातली नाही. या चौपदरी होत्या. तिनं त्या उपसल्या. तळाशी साबणाच्या पावडरीचं वाटीभर माप होतं. आतल्या जाळीच्या पिशवीत धाग्यांचा वाळका गोळा होता, आणि त्या धाग्यांत हिरवा होता, तांबडा होता, तिनं स्वतः शिवलेल्या गोधडीचा जांभळाही होता. तो गोळा हातात घेऊन ती जमिनीवर बसली. नवी दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली.

वायरमन दिवेलागणीच्या आधी घरी आला. हत्यारांची पिशवी त्यानं खुंटीला लावली. आई मागच्या खोलीत खाली बसलेली, बरण्या जमिनीवर आणि मशीनचं झाकण उघडं, हे बघून तो दारातच थांबला. मग तोही तिच्यासमोर भिंतीला टेकून बसला.

"मीच जोडून दिलं होतं," तो म्हणाला. "तू मंगळवार-शुक्रवार नसायचीस. तिला म्हटलं होतं, आईला कळता कामा नये."

"गोधड्या पण?"

"गोधड्या पण. एकेक करून. आठ बादल्या लागायच्या. खाणीवर ती कधी गेलीच नव्हती, आई. त्या दिवशीच पहिल्यांदा गेली."

नीळवालीनं हातातला गोळा बघितला. "मग मी ऐकायची ते काय होतं?"

"मशीन आपलं आपलं चालायचं तेवढा एक तास ती झोपायची. इथंच, जमिनीवर. तुझी यायची वेळ झाली की उठून कपडे दोरीवर टाकायची आणि दगड बडवत बसायची. तुला बरं वाटावं म्हणून."

मग तो आणखी बोलला, कारण आता बोलायचं ते सगळंच बोलून टाकायचं होतं. त्या मंगळवारी तो निघत होता, तेव्हा बायको त्याच्याजवळ आली होती. आई आज घरीच आहेत, गोधड्यांचं काय करू, असं तिनं विचारलं होतं. घरात वाद नको म्हणून तो म्हणाला होता, आजचा एक दिवस जाऊन ये खाणीवर. एवढं सांगून तो थांबला आणि तोंडावरून हात फिरवत राहिला. वर्षभर त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. नीळवालीला वाटलं, पाठीवर हात ठेवावा. पण पाठीवर ठेवायचा तो हात तिला स्वतःचाच नकोसा झाला होता.

"आणि हिला?" तिनं नवीच्या दिशेनं मान करून विचारलं.

त्यानं खाली बघितलं. हिलाही त्यानं तेच सांगितलं होतं. गोधड्या निघाल्या की मंगळवारी मशीन लाव, आई नसते.

त्या संध्याकाळी घरात कुणी फारसं जेवलं नाही. सकाळी नवीनं गाठोडं बांधलं, दोन्ही धोपाटणी वर ठेवली आणि सासूची वाट बघत परसात उभी राहिली. नीळवाली बाहेर आली, तिनं धोपाटणी उचलून बाजूला ठेवली आणि गाठोड्याची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, तिच्या सुजऱ्या बोटांना लवकर सुटेना. नवी मदतीला वाकली तर तिनं तिला थांबवलं.

"लाव ते मशीन," ती म्हणाली. "माझ्यासमोर लाव."

आठ बादल्या पाणी दोघींनी आडातून शेंदलं. नवीच्या हाताला मशीनची सवय नव्हती, ती दर कळ फिरवताना सासूकडे बघायची. नीळवाली समोर पाटावर बसून होती. पहिली गोधडी पाण्यात फिरू लागली, जांभळा तुकडा वर आला, खाली गेला, पुन्हा वर आला. पाणी काळं झालं. दोन पाण्यांनंतर गोधडी बाहेर निघाली, तेव्हा नीळवालीनं तिची कड चिमटीत धरून उजेडात बघितली. खोट काढायची जन्माची सवय. खोट निघाली नाही. पाच वर्षं ज्या धुण्याची तिनं गावभर फुशारकी मारली, ते हेच होतं.

दुपारी ती शेजारच्या शिंपिणीकडे गेली. दोन्ही घरांत एकच भिंत. शिंपीण खिडकीशी शिवणयंत्रावर बसलेली असे, आणि तिच्या खिडकीतून गल्लीचं वळण आणि त्यापलीकडचा रस्ता समोर दिसे. नीळवाली दारातच उभी राहून म्हणाली, की माझ्या घरचं धुणं हाताचं नव्हतं, मशीनचं होतं, मला काल कळलं.

शिंपिणीनं पायानं यंत्र थांबवलं. तिनं काही नवल दाखवलं नाही, आणि त्यातूनच नीळवालीला कळायचं ते कळलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, काकू. मशीनचा आवाज येतोच की." शिंपिणीनं सुई कापडातून काढून घेतली. "तिची झोप गाढ होती. तुम्ही लांब रस्त्यावर दिसलात, की मीच भिंतीवर कात्री वाजवायचे. मग ती उठायची."

रोपवाटिकेतल्या बायका खाली बघून हसायच्या ते कशाला, हे नीळवालीला तिथं उभ्याउभ्या समजलं. तिचे कान तापले. पण लाजेपेक्षा दुसरंच काहीतरी तिला जास्त लागलं. एका थकलेल्या बाईला आठवड्यातून दोनदा तासभर झोप मिळावी म्हणून नवरा, शेजारीण आणि सगळी गल्ली राबत होती, आणि पहारा होता तो खुद्द नीळवालीचा.

"अजून हात जातो," शिंपीण हळूच म्हणाली. "तुम्ही दिसलात की कात्रीकडे हात जातो माझा. मग आठवतं."

भिंतीवर कात्री वाजवता का अजून, असं नीळवालीनं विचारलं. नाही, शिंपीण म्हणाली, वर्षात एकदाही नाही. दोघींनी भिंतीकडे बघितलं.

शुक्रवारी नीळवाली कामाला गेली. पिशव्या भरताना धुण्याचा विषय कुणी काढला नाही, म्हणून तिनंच काढला. माझ्या घरी मशीन आहे आणि पहिल्यापासून त्यातच धुतात, असं तिनं सांगितलं. एकीनं काहीतरी सावरायला म्हटलं, की तरी तुमच्या हाताची सर नाही. नीळवाली म्हणाली, "हाताचं काय घेऊन बसलीस? माती भर."

परतताना ऊन पाठीवर होतं. वळण जवळ आलं तशी तिची पावलं मंद झाली. खिडकीत शिंपीण होती. तिनं मान वर केली आणि तिचा हात कात्रीवर गेला. नीळवालीनं दुरूनच बोटानं नको नको केलं. हात खाली आला.

ती वळणावर उभी राहिली. परसातून काही आवाज आला नाही. ती आणखी थोडी थांबली, डोकं एका बाजूला कलतं करून. समोरून सायकलवाला गेला, कुणाचं तरी पोर रडलं, गप्प झालं. नाहीच आला आवाज. वर्षभर जो ऐकून ती धास्तावायची, तो आता यावा म्हणून ती ताटकळत उभी होती, आणि डोळे भरून आले तेव्हा ते तिनं पुसले नाहीत.

दार लोटलेलं होतं. मागच्या खोलीत नवी जमिनीवर झोपली होती, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, एक हात कंबरेखाली. मशीन थांबलेलं होतं. नीळवालीच्या चपलेचा आवाज झाला तशी ती दचकून कोपरावर उठू लागली.

"पडून राहा," नीळवाली म्हणाली.

नवीला ते खरं वाटेना, ती तशीच अर्धवट उठून बघत राहिली. मग तिचं डोकं पुन्हा खाली टेकलं. नीळवालीनं चपला हातात घेतल्या. झाकण जपून उघडलं, ओले कपडे घमेल्यात काढले आणि ती परसात आली. उभ्या जन्मात तिनं कपडा दोरीवर टाकण्याआधी दोन्ही टोकं धरून फाडकन झटकला होता, त्याशिवाय चुण्या जात नाहीत. आज तिनं एकही झटकला नाही, झटकल्याचा आवाज आत जातो. चुण्यांसकट एकेक कपडा तिनं दोरीवर पसरला, दगडाला वळसा घालून, हळू, दुसऱ्या टोकापर्यंत.